मेन्यूला हात लावण्याआधी
(खिडकीमागची यंत्रणा : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात बटणांना रंग, कडा आणि गोलाई देऊन झाली. बटण तसं मुकाट ऐकतं. एकदा कडा दिली की ‘पार्श्वभूमी निळी’ म्हटल्यावर निळं होतं, विषय संपला. मेन्यूचं तसं नाही. तीच ओळ मेन्यूबारवर लिहिली तर विंडोजवर रंग बदलतो, मॅकवर काहीच होत नाही, आणि लिनक्सवर काय होईल ते समोरच्याच्या डेस्कटॉपवर ठरतं. खिडक्या, बटणं, मेन्यू बनवण्याच्या क्यूट या साधनसंचात नवखा माणूस इथे हमखास अडखळतो आणि आपल्याच स्टाइलशीटमध्ये चूक शोधत बसतो. चूक बहुतेक वेळा तिथे नसतेच. मेन्यू पूर्णपणे आपल्या ताब्यात असतो हे आपण गृहीत धरलेलं असतं, तिथेच घोटाळा होतो.

थोडा इतिहास आधी सांगतो, कारण या गुंत्याचं मूळ तिथे आहे. 1990च्या उन्हाळ्यात नॉर्वेत हावार्ड नूर्ड आणि आयरिक शांबे-एंग हे दोघे अल्ट्रासाउंडच्या प्रतिमा साठवणारं एक सॉफ्टवेअर लिहीत होते. ते युनिक्स, मॅकिन्टॉश आणि विंडोज या तिन्हींवर चालायला हवं होतं. एकच प्रोग्राम तिन्हीकडे चालावा, आणि प्रत्येक ठिकाणी तो तिथलाच वाटावा, या गरजेतून क्यूट घडत गेलं. 1995 साली ते लोकांपुढे आलं. स्टाइलशीटची सोय मात्र 2006च्या 4.2 आवृत्तीत आली. वेबवरच्या सीएसएसचा पहिला प्रस्ताव 1994 साली मांडणारे होकोन विउम ली हेही नॉर्वेचेच, पण हा योगायोग समजावा. महत्त्वाचं इतकंच की ‘जिथे जाल तिथले व्हा’ हा क्यूटचा मूळ स्वभाव, आणि ‘सगळीकडे माझ्यासारखेच दिसा’ हा स्टाइलशीटचा. मेन्यूवर या दोन स्वभावांची थेट टक्कर होते.

आता मेन्यूचे अवयव बघू. वरची आडवी पट्टी म्हणजे क्यूमेन्यूबार. तिच्यावर क्लिक केल्यावर खाली उघडते ती यादी म्हणजे क्यूमेन्यू. उजव्या क्लिकने येणारी यादीही क्यूमेन्यूच, आणि उपमेन्यूही तोच. स्टाइलशीटमध्ये वर्गाच्या नावापुढे दोन अपूर्णविराम दिले की आतल्या भागाला हाक मारता येते: आयटम म्हणजे यादीतली एक ओळ, सेपरेटर म्हणजे मधली विभाजक रेघ, इंडिकेटर म्हणजे टिकची खूण, आणि राइट-ॲरो म्हणजे उपमेन्यू दाखवणारा बाण. एकच अपूर्णविराम दिला की त्या भागाची अवस्था सांगता येते: सिलेक्टेड, डिसेबल्ड, चेक्ड वगैरे.

वेबवरून आलेली मंडळी इथे सवयीने हॉवर लिहितात. मेन्यूत लिहायचं ते सिलेक्टेड. माणूस माउस फिरवतो तसाच कीबोर्डवरचे बाणही दाबतो, आणि दोन्ही वेळी ‘सध्या कुठल्या ओळीवर आहोत’ हे दिसायला हवं. क्यूटच्या लेखी दोन्ही वाटांनी पोचलेली ओळ सिलेक्टेडच असते, त्यामुळे एका नियमात दोन्ही सांभाळलं जातं. मेन्यूबारवर आणखी एक अवस्था कामाची, प्रेस्ड. यादी उघडी असेपर्यंत वरचं नाव दाबल्यासारखं ठेवायचं असेल तर ती वापरा.

आणखी एक छोटी युक्ती क्यूटच्या अधिकृत उदाहरणांतच सापडते, पण तिच्यामागचं कारण पटकन लक्षात येत नाही. निवडलेल्या ओळीला एक पिक्सेलची कडा द्यायची असेल, तर न निवडलेल्या ओळीलाही एक पिक्सेलची पारदर्शक कडा देऊन ठेवायची. नाहीतर निवड बदलली की त्या ओळीतला मजकूर एका पिक्सेलने सरकतो, आणि माउस वरखाली नेताना सगळी यादी थरथरल्यासारखी वाटते. दिसत नाही अशा कडेने जागा मात्र राखून ठेवायची, एवढाच तिचा उद्देश.

इथपर्यंत गोष्टी सोप्या वाटतात. अडचण सुरू होते ती आयटमला पहिल्यांदा हात लावल्यावर. तोवर ओळीतल्या प्रत्येक गोष्टीची काळजी खालची, म्हणजे त्या त्या प्रणालीचं रूप रेखणारी, मूळ शैली घेत असते. विंडोजवर ती विंडोजच्या थीमला विचारून टिक कुठे, चित्र कुठे, अक्षरं किती अंतरावर हे ठरवते. तुम्ही आयटमची पार्श्वभूमी किंवा कडा बदललीत की क्यूट ते चित्रण मूळ शैलीकडून काढून घेतं आणि स्टाइलशीटच्या हाती देतं. वेगळी चूल मांडली की मिठापासून सगळं आपलं आपणच आणावं लागतं, तसा हा प्रकार. निवडलेल्या ओळीचा निळा रंग गेला, तो आता तुम्ही द्या. ओळीच्या डावीकडे पुरेसं पॅडिंग ठेवलं नाही तर टिक आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. उजवीकडे कमी ठेवलं तर ‘कंट्रोल-एस’सारखा शॉर्टकट मजकुराला खेटतो. आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते डिसेबल्ड. आयटमला काळा रंग दिला की निष्क्रिय ओळीही काळ्या होतात. ‘पेस्ट’ दाबून काहीच का होत नाही, हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. स्टाइलशीट तपासायला हातात आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो: डिसेबल्डचा नियम आहे का? नसेल तर पुढचं वाचायचीही घाई नको.

मराठी वाचकांसाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सहसा भेटत नाही. ओळीची उंची मोजताना क्यूट ठरवलेल्या मुख्य फॉन्टची मापं घेतं. स्टाइलशीटमध्ये एखादा लॅटिन फॉन्ट लिहिला असेल आणि मेन्यूतली नावं मराठीत असतील, तर अक्षरं मागच्या दाराने दुसऱ्याच फॉन्टमधून येतात. विंडोजवर ती बहुधा निर्मला यूआयमधून येतात. उंची मात्र पहिल्याच फॉन्टची राहते. त्यात कुणी आयटमला ठरावीक पिक्सेलची उंची बांधून दिली असेल तर ‘पृष्ठ’मधला ऋकार, ‘मुद्रण’मधला उकार, ‘पूर्ववत’मधला रफार यांतलं काहीतरी कापलं जातं. म्हणून तीन पथ्यं: फॉन्ट देवनागरीचाच लिहा, उंची बांधू नका, आणि वरखालचं पॅडिंग पिक्सेलऐवजी ‘एम’ या मापात द्या, म्हणजे अक्षर मोठं केलं की मोकळी जागाही वाढते. एक उपद्रव त्यानंतरही उरतो. ऑल्ट दाबल्यावर एका अक्षराखाली जी रेघ येते ती देवनागरीत नेमकी उकारावर बसते. त्यावर स्टाइलशीटमध्ये इलाज नाही.

आता मॅककडे वळू. 1984च्या मॅकिन्टॉशपासून ॲपलने मेन्यूबार पडद्याच्या माथ्यावर ठेवला आहे. चालू असलेल्या प्रोग्रामचा मेन्यू तिथे येतो आणि तो प्रणाली स्वतः रंगवते. या जागेचा मोठा फायदा असा की माउस कितीही जोरात वर ढकलला तरी पडद्याच्या कडेला थांबतो, नेम चुकायची भीती कमी. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली लक्ष्याचा आकार, अंतर आणि लागणारा वेळ यांचं जे नातं मांडलं, त्याचं हे नेहमी दिलं जाणारं उदाहरण. क्यूटचा मेन्यूबार मॅकवर म्हणजे या प्रणालीच्या पट्टीकडे यादी पोचवणारा निरोप्या. त्याला रंग देऊन निरोप रंगीत होत नाही. वरच्या पट्टीतून उघडणाऱ्या याद्याही प्रणालीच रंगवते. उजव्या क्लिकची यादी मात्र क्यूट स्वतः काढतं, त्यामुळे तिला तुमचा रंग लागतो. परिणाम असा की एकाच प्रोग्रामात वरचा मेन्यू ॲपलचा आणि मधला मेन्यू जांभळा.

यावर उपाय आहे. क्यूटला सांगता येतं की मॅकची पट्टी वापरू नकोस, मेन्यूबार माझ्याच खिडकीत दाखव. मग स्टाइलशीट तिथेही चालते. पण निव्वळ रंगासाठी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅक वापरणाऱ्याचा हात वर जातो, आणि तिथे त्याला रिकामी पट्टी मिळते. तुमच्या ब्रँडचा जांभळा त्याला त्या क्षणी काही सांत्वन देत नाही. मॅकवरच आणखी एक जाता जाता: ‘प्रेफरन्सेस’, ‘क्विट’ अशा नावांवरून अंदाज बांधून क्यूट त्या ओळी प्रोग्रामच्या नावाच्या मेन्यूत हलवतं. नावं मराठीत असतील तर तो अंदाज लागेलच असं नाही. म्हणून अशा ओळींना त्यांची भूमिका कोडमध्ये स्पष्ट नेमून द्यावी.

लिनक्सवर याचीच दुसरी तऱ्हा. उबुंटूने 2011 साली युनिटी डेस्कटॉपबरोबर मॅकसारखी सामाईक पट्टी आणली. केडीईच्या प्लाझ्मातही ती हवी असल्यास लावता येते. ती चालू असेल तर मेन्यूची यादी डी-बस या निरोपवाहिनीवरून डेस्कटॉपकडे जाते, आणि रंग तिकडचा. ती बंद असेल तर रंग तुमचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे आधी ठाऊक असायचं कारण नाही.

उलट दिशेची तक्रारही ऐकू येते: मी मेन्यूला हातच लावला नाही, तरी तो बदलला! हे गळतीचं प्रकरण. समजा, एका मजकूर-चौकटीला तुम्ही ‘पार्श्वभूमी पिवळी’ एवढंच लिहून दिलंत, कुणासाठी ते लिहिलं नाहीत. वर्गाचं नाव नसलेला नियम त्या चौकटीला आणि तिच्या सगळ्या लेकरांना लागू होतो. चौकटीत उजवं क्लिक केल्यावर येणारा कट-कॉपी-पेस्टचा मेन्यू हे तिचं लेकरूच, म्हणून तोही पिवळा. नियमापुढे चौकटीच्या वर्गाचं नाव लिहिलं की गळती थांबते. या एका सवयीने मोठ्या प्रकल्पांतली बरीच डोकेदुखी टळते.

एखादीच ओळ वेगळी करायची असेल, म्हणजे ‘कायमचं काढून टाका’ लाल दाखवायचं असेल, तर काय? इथे निराशा आहे. मेन्यूतली ओळ ही विजेट, म्हणजे खिडकीतला स्वतंत्र घटक, नसते; ती क्यूॲक्शन असते, म्हणजे एका कृतीचं वर्णन. स्टाइलशीटचे नियम विजेटना लागतात. आयटमचा नियम म्हणजे सगळ्या ओळींचा नियम. ओळीच्या जागी एखादं विजेट बसवता येतं, पण मग निवडीचा रंग, बाणांनी फिरणं, सगळं हाताने जमवत बसा. लाल रंगाचं एक छोटं चित्र त्या ओळीला लावणं यापेक्षा शहाणपणाचं.

गोल कोपऱ्यांचा मोह आजकाल सगळ्यांनाच. मेन्यूला गोलाई दिली की कोपरे गोल होतात खरे, पण त्यांच्यामागे चौकोनी टोकं तशीच दिसत राहतात, कारण उघडलेला मेन्यू ही स्वतंत्र खिडकी असते आणि खिडकी चौकोनी. तिला पारदर्शक पार्श्वभूमीचा गुणधर्म कोडमधून द्यावा लागतो, चौकट काढावी लागते, आणि काही ठिकाणी प्रणालीची सावलीही बंद करावी लागते. हे स्टाइलशीटच्या हाताबाहेरचं आहे.

राहिला रंगांचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सर्वांत गंभीर. बहुतेकजण रंग हॅश लावून आकड्यांत लिहितात. मग प्रणाली गडद केली की सगळी खिडकी काळी आणि मेन्यू तेवढा पांढरा, किंवा त्याहून वाईट म्हणजे काळ्यावर काळी अक्षरं. आणि दृष्टी अधू असलेला माणूस विंडोजची हाय-कॉन्ट्रास्ट थीम लावून बसलेला असतो. तुमचा आकड्यातला फिकट राखाडी त्याची ती सोय परस्पर मोडून टाकतो. क्यूटच्या स्टाइलशीटमध्ये ‘पॅलेट’ लिहून कंसात हायलाइट, विंडो अशी भूमिका देता येते. मग रंग त्या त्या प्रणालीकडून येतो आणि तुम्ही फक्त अंतरं, कडा, जाडी ठरवता. सगळीकडे एकसारखंच दिसायला हवं असा हट्ट असेल तर फ्यूजन ही क्यूटची स्वतःची शैली निवडावी आणि तिला एक नीट पॅलेट द्यावं. मेन्यूसाठी बहुतेक वेळा तेवढं पुरतं, स्टाइलशीटची एकही ओळ लागत नाही.

मोठ्या प्रकल्पांना मात्र तेवढ्यावर भागत नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नाइट मॅपिंग’ नावाची गडद थीम मिळते, तिच्यामागे अशीच लांबलचक स्टाइलशीट आहे. तिथे खरी उणीव जाणवते ती चलांची. सीएसएसमध्ये एका रंगाला नाव देऊन ते हवं तिथे वापरता येतं, क्यूटच्या स्टाइलशीटमध्ये ती सोय नाही. ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ-प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर स्वतःच वाट काढली: 2024च्या 30.2 आवृत्तीत त्यांनी थीमच्या फाइलीचा स्वतःचा प्रकार आणला. त्यात चलं लिहिता येतात, आणि एका मूळ थीमवर तिच्या वेगवेगळ्या छटा रचता येतात.

जावाएफएक्स हे क्यूटसारखंच दुसरं साधन वापरणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथेही मॅकची पट्टी वापरायची की नाही याची कळ आहे, आणि ती दाबली की मेन्यूबारचं सीएसएस निष्फळ. जीटीके या तिसऱ्या साधनाची गोष्ट वेगळी. तिथे सीएसएस वरून चढवलेलं नाही, मूळ थीमच सीएसएसमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे ‘मूळ शैलीकडून काढून घेणं’ हा प्रकार उद्भवत नाही. पण तिथे नावं बदलतात. 2016च्या 3.20 आवृत्तीत घटकांची नावंच फिरवली गेली आणि जुन्या थीम एका फटक्यात मोडल्या. जीटीके 4मध्ये तर जुना मेन्यू काढूनच टाकला, त्याच्या जागी पॉपओव्हर आला.

पुढच्या आठवड्यात स्क्रोलबार. तोवर एक गृहपाठ: तुमच्या प्रोग्रामातल्या कुठल्याही मजकूर-चौकटीत उजवं क्लिक करा आणि येणाऱ्या मेन्यूत निष्क्रिय ओळी निष्क्रिय दिसतात का ते बघा.