नऊ वेळा एक, आणि त्याचा वर्ग

शेगावला गणित शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही फळ्यावर नऊ वेळा एक लिहिला, १११११११११, आणि या संख्येचा वर्ग मागितला. दहावीतल्या एका मुलीने संगणकाच्या तक्त्यात आकडे भरून १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर सांगितले. मागच्या बाकावरच्या गुरुजींनी कागदावर गुणाकार केला होता. त्यांचे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. फरक अवघा २१ चा. खरे कोणते, असे विचारताच बहुतेक हात संगणकाच्या बाजूने वर गेले.

वास्तविक ज्या संख्येच्या शेवटी १ आहे तिच्या वर्गाच्या शेवटीही १ च हवा; निकाल तिथेच लागतो. पण मूळ संख्या ठाऊक नाही असे समजा. संगणकाच्या उत्तरातील अंकांची बेरीज ७८ येते. म्हणजे त्याला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. पूर्ण वर्गाला ३ ने भाग गेला की ९ नेही गेलाच पाहिजे. तेव्हा ती संख्या कोणाचाच वर्ग नाही.

संगणक का चुकला? अशा तक्त्यात डावीकडचे पंधरा अंकच दाखवले जातात, पुढे शून्ये भरली जातात. आत संख्या द्विमान पद्धतीत ५३ अंकांत साठवली जाते. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच्या सर्व पूर्ण संख्या अचूक बसतात. त्यापुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्यांना जागा असते. आपली संख्या याच पट्ट्यात येते आणि ती विषम आहे!

गुरुजींचा गुणाकार मात्र सरळ होता. एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या की उभ्या रांगांत एक, दोन, तीन असे वाढत नऊ एक येतात आणि पुन्हा तसेच उतरतात. हातचा कुठेच येत नाही. अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा ९ चा वर्ग. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामे लावली, तर सतरा अंकी संख्येचा पहिला अंक 'मध्य' स्थानी येतो. 'परार्ध' त्याच्या पुढचे घर.

शेगावहून मुंबईला जाणारी गाडी देवळाली आणि डोंबिवली ही स्थानके ओलांडते. देवळालीच्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) शिक्षक होते. डोंबिवलीचे तेव्हाचे नाव डेम्लो. त्या स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. २५५३ घ्या: टोकांची बेरीज २ + ३ = ५, आणि मधले अंक सगळे ५. आपल्या संख्येत मधला अंक ९ आहे. त्याच्या डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवले, तर आठ वेळा नऊ येतो! कापरेकरांनी एकांच्या वर्गांना 'अद्भुत डेम्लो' म्हटले ते उगीच नाही. अंकांच्या अशा खेळाला अनेक गणिती बालिश समजत; १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर मात्र कापरेकरांचे नाव जगभर गेले.

शिबिर संपता संपता त्याच मुलीने विचारले, "सर, दहा एक घेतले तर?" या वेळी तिने स्वतः कागद घेतला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ कुठे गेला म्हणून तिने दोनदा तपासले. चूक नव्हती. मधल्या रांगेत दहा एक जमतात. शून्य मांडून हातचा एक. पुढच्या रांगेतल्या नऊमध्ये तो मिळवून पुन्हा दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या पुढच्या आठाचा नऊ होतो आणि तिथे हातचा संपतो. प्रत्येक हातच्यात दहा जाऊन एक येतो, म्हणजे अंकांची बेरीज नऊने घटते. शंभरातून दोनदा नऊ गेले की ८२ उरतात. तिने अंक मिळवून पाहिले, ८२ च आले. बारा एकांची बेरीज किती, हे तिने गुणाकार न करता काढायचे ठरवले आणि ती गाडी गाठायला निघाली.