अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप

४९/९१ हा अपूर्णांक संक्षिप्त करावयाचा असता सामान्यतः प्रथम दोनाने, मग तिनाने, मग पाचाने भाग जातो काय, ते पाहिले जाते. साताशी पोहोचल्यावर ७/१३ हे उत्तर मिळते. लहान संख्यांपुरती ही चाचपणी ठीक आहे. परंतु ११४७/१४५७ पुढ्यात आला की ती थकवून टाकते. तेरापर्यंत, एकोणिसापर्यंत पाहूनही काही साधत नाही, आणि हेच अतिसंक्षिप्त रूप असावे असे समजून विद्यार्थी थांबतो. ते तसे नसते.

‘नऊ अध्याय’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी गणितग्रंथात, शेतांच्या क्षेत्रमापनाच्या पहिल्याच अध्यायात, नेमके ४९/९१ हेच उदाहरण आहे. तेथील रीत अशी: दोन्ही संख्या निम्म्या होत असतील तर तशा कराव्यात, नसतील तर मोठीतून लहान वजा करीत जावे, दोन्ही समान होईपर्यंत. ९१ मधून ४९ गेले, ४२ उरले. ४९ मधून ४२ गेले, ७ उरले. ४२ मधून ७ पाच वेळा वजा केले की पुन्हा ७. या समान संख्येने अंश व छेद यांना भागावे.

यामागील कारण साधे आहे. जी संख्या दोन संख्यांना निःशेष भागते, ती त्यांच्या वजाबाकीलाही भागते. आणि वजाबाकीला व लहान संख्येला भागणारी संख्या मोठीलाही भागतेच. म्हणजे संख्या लहान होत जातात, त्यांचे साधारण विभाजक मात्र तेच राहतात. शेवटी उरलेली समान संख्या हाच महत्तम साधारण विभाजक होय. ग्रीक गणिती युक्लिड याने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास हीच रीत सिद्धतेसह मांडली.

आता ११४७/१४५७ पाहू. १४५७ मधून ११४७ गेले, ३१० उरले. ११४७ मधून ३१० तीनदा गेले, २१७ उरले. ३१० मधून २१७ गेले, ९३. २१७ मधून ९३ दोनदा गेले, ३१. आणि ९३ म्हणजे तीन वेळा ३१. उत्तर ३७/४७. एकाही संख्येचे अवयव पाडावे लागले नाहीत.

भारतात आर्यभटाच्या (इ. स. ४९९) ‘कुट्टक’ रीतीत हाच परस्पर भागाकार येतो, हेतू मात्र वेगळा, अनिश्चित समीकरणे सोडविण्याचा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) कुट्टकापूर्वी भाज्य, हार व क्षेप यांना साधारण विभाजकाने भागून घ्यावे, असे सांगितले आहे. या क्रियेस ते अपवर्तन म्हणतात. भाज्य व हार यांना भागणारी संख्या क्षेपाला भागत नसेल, तर त्यांच्या मते प्रश्नच सदोष आहे. त्याचे उत्तर शोधण्यात अर्थ नाही.