तळ्याकाठची पंगत

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ आठवतो. पाखरे कोणाला आठवत नाहीत. फार तर नायगावचे मोर. तथापि, वाचकहो, दिवाळी उलटल्यावर एखाद्या पहाटे आपण बीडच्या दक्षिणेस, पालीजवळच्या बिंदुसरा तलावावर जाऊन पाहा. उन्हे वर यायच्या आत पोहोचावे. रात्रभर उपाशी असलेला पक्षी तेव्हाच मन लावून चरत असतो. पुढे वारा सुटला, पाणी हलू लागले, की दुर्बिणीत नुसता लखलखाट! सूर्य पाठीशी ठेवावा, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम होते.

पक्षी ओळखायचा म्हणजे रंग पाहायचा, अशी पुष्कळांची समजूत असते. मला विचाराल तर आधी तो कोठे उभा आहे ते पाहावे. तळे ही एक पंगतच आहे. ज्याचे पान त्याच्यापुढे. कोरड्या काठावर टिटवी, ओल्या चिखलात शेपटी हालवणारा धोबी. वीतभर पाण्यात शेकाट्या असतो; त्याचे काडीसारखे गुलाबी पाय किती लांब, ते एकदा पाहाच. जेथे त्याचे पाय पुरत नाहीत तेथून पोहणाऱ्यांचा मुलूख सुरू होतो. टिबुकली तर आपण बोट दाखवीपर्यंत बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. पाणकावळा बुडी मारून आला की खडकावर पंख पसरून बसतो. ती काही ऐट नव्हे. त्याची पिसे बदकाच्या पिसांपेक्षा लवकर भिजतात. म्हणून पाण्याखाली मासा धरणे सोपे जाते, पण मागाहून पंख वाळवावे लागतात.

आणि आपल्या लोकांनी ठेवलेली नावे! चोचीच्या टोकाला पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके, म्हणून ते हळदीकुंकू बदक. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा आणि सदा दिंडीने फिरणे, म्हणून तो वारकरी. अशी नावे ठाऊक असली म्हणजे पुस्तक घरी राहिले तरी चालते. विरहासाठी संस्कृत कवींनी राबवून घेतलेला चक्रवाक मात्र येथला नव्हे. लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी वीण आटोपून तो हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो.

डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. बीड तेव्हा त्याच संस्थानात होते. मांजरा, माजलगाव ही मोठी धरणे त्यानंतरची. म्हणजे आज आपण ज्या पाण्यावर बदके मोजतो, त्यातले बरेचसे माणसाने अडविलेले आहे. ते आटतेही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. माणसांची ही गत, तेथे बदकांना कोण विचारतो? ती उडून दुसरे पाणी शोधतात, मिळाले तर.

गंमत अशी की पाणी थोडे उतरणे पाखरांच्या फायद्याचेच असते. उतरत्या पाण्यामागे चिखल उघडा पडतो, त्यात किडे, अळ्या, गोगलगायी. शेकाट्याची पंगत बसते ती येथेच. म्हणून हल्ली तलावाचे ‘सुशोभीकरण’ हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. चहूकडून उभी दगडी भिंत, वर फरशीचा रस्ता, दिवे, बाके. आपली फिरण्याची सोय झाली खरी, पण उथळ काठ गेला. बीडचे कंकालेश्वराचे मंदिर बांधीव कुंडात उभे आहे आणि ते तसेच शोभते. कारण कुंड हे कुंड आहे. तेथे खंड्या बसेल, शेकाट्या उभा राहील कोठे? तळ्याला बाग करायचीच असेल तर एका अंगाला करावी. उरलेल्या अंगांना उतरता चिखल आणि लव्हाळी राहू द्यावीत. दिसायला ओबडधोबड दिसेल, त्याला इलाज नाही.

उन्हाळ्यात गेलात तर पायाखाली पाहून चाला. टिटवी घरटे म्हणून काही बांधीत नाही. खड्यांतच अंडी घालते आणि ती हुबेहूब खड्यांसारखी दिसतात. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या पावली मागे फिरावे.