फडाचा मिस्त्री

अमेरिकेत इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे एक शहर आहे. चाकांवरची घरे बांधण्याची ती राजधानीच म्हणायची. निवृत्त जोडपी अशी गाडी घेतात आणि देश पालथा घालतात. ती दुरुस्त करणारा कारागीरही निराळा असतो. इंजिनाकडे तो सहसा पाहत नाही. गळके छप्पर, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी हे त्याचे खाते. इंजिनाला दुसरा माणूस. हे कळले तेव्हा मला आमच्या सांगलीकडचा एक मिस्त्री आठवला. अशी वाटणी त्याला कधी परवडली नाही.

आमच्याकडे चाकांवरची घरे हौसेने नव्हे, पोटासाठी निघाली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि पुढे मंडळी घेऊन ते परगावी फिरले. पट्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष याच जिल्ह्यातले. काळू-बाळूंचे कवलापूर तर सांगलीला लागूनच. बैलगाड्या गेल्या आणि तमाशाच्या फडांकडे ट्रक आले. (टाटांचा मर्सिडीज-बेंझशी असलेला करार १९६९ साली संपला, पण आमचा मिस्त्री त्या ट्रकला शेवटपर्यंत ‘बेंझ’च म्हणे.)

दसऱ्याला बाहेर पडलेला फड चैत्र-वैशाखापर्यंत फिरतो. एका गाडीत रंगमंचाचे लोखंड, फळ्या, कनाती; दुसरीत माणसे, त्यांच्या पत्र्याच्या पेट्या आणि अंगावरची पोरे. रात्री वग संपला की तंबू उतरवायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पुन्हा ठोकायचा. ट्रक वाटेत बसला तर घर, थिएटर आणि चूल, तिन्ही रस्त्यावर. शिवाय त्या गावची सुपारी बुडते ती निराळीच.

सारे लोखंड एका अंगाला भरले की त्या बाजूचा पाटा जाणार, हे मिस्त्री ट्रक उभा असतानाच सांगे. गेलाच, तर लाकडाचा ठोकळा घालून, साखळीने आवळून तो गाडी मुक्कामाला नेई. खेळ सुरू झाला की तो जनरेटरपाशी. त्याच्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे धरून राहिले, तरच विजेची ५० आवर्तने मिळत. हॅलोजन लागले, भार वाढला, की फेरे पडत आणि दिवे मंदावत. ते आपल्या डोळ्यांना दिसण्याआधी त्याच्या कानाला कळे. गौळण रंगात आलेली असताना रंगमंचाकडे पाठ करून, मान कलती ठेवून बसलेला असा दुसरा श्रोता मी पाहिलेला नाही.

१९९० च्या दशकात मी जिल्ह्याच्या पूर्व भागात एका बँकेचा शाखाधिकारी होतो. तो वेल्डिंग मशीनसाठी कर्ज मागायला आला. मला वाटले, चासीच्या कामासाठी असेल.

“न्हाणी करायचीय, सायेब,” तो म्हणाला. “बाया ट्रकच्या आडोशाला पातळ धरून अंघूळ करत्यात. गावातली माणसं बघाय येत्यात.”

त्याने पेन्सिलीचे चित्र टेबलावर ठेवले. अँगलची चौकट, पत्रा, घडी करून ट्रकच्या कुशीला बसणारी दारे, टपावर पिंप आणि पिंपाला नळ. मापे इंचात, बिजागऱ्यांसकट. मी शिफारस लिहून प्रकरण वर पाठवले. ‘व्यवसायाचे ठिकाण निश्चित नाही’ असा शेरा घेऊन ते परत आले. नियम समजण्यासारखा होता. तारण यंत्र कुठे आहे हे बँकेला ठाऊक हवेच. पण हा माणूस पौषात पालीला, माघात चिंचलीला, चैत्रात खरसुंडीला सापडणार म्हणजे सापडणार. पंचांग घेऊन निघालेला कोणताही वसुली अधिकारी त्याला गाठू शकला असता. पक्का पत्ता देऊन गायब झालेले कर्जदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

पैसे अखेर फडाच्या मालकाने दिले, उचल म्हणून. न्हाणी झाली. ती पाहून दुसऱ्या दोन फडांतल्या बायकांनी आपापल्या मालकांमागे टुमणे लावले आणि ते मिस्त्रीकडे आले. पण उचल फिटेपर्यंत त्याला बाहेरचे काम घ्यायची मुभा नव्हती. तीन हंगाम गेले. तेवढे दिवस त्या बायका आडोशालाच राहिल्या.

२०२० आणि २०२१ साली करोनाने जत्रा बंद पडल्या, ट्रक जागीच उभे राहिले, उंदरांनी वायरिंग खाल्ले. त्याच २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्क. तिथे पाणी, वीज, रस्ता. चांगले आहे, व्हावे. मात्र जत्रेच्या माळावर पन्नास-साठ माणसांचा फड उतरतो तिथेही एक नळ, एक वीजजोड आणि दाराला कडी असलेला संडास याच धोरणात बसायला हरकत नव्हती. तीही चाकांवरचीच घरे आहेत, आणि पर्यटकांच्या कितीतरी आधीची.

मिस्त्रीने सत्तरी ओलांडली आहे. हंगामाआधी फडवाले ट्रक त्याच्या दारात आणून लावतात. भाद्रपदात गेलो तेव्हा दोन उभे होते. एकाचे पाटे उतरवलेले, दुसऱ्याच्या न्हाणीचा पत्रा गंजला म्हणून मुलगा नवा बसवत होता. वेल्डिंग मशीन त्याने बँकेच्या कर्जातून घेतले आहे. गॅरेजला आता पत्ता आहे.