दृष्टान्त झाला, पण पुरावा कुठे आहे?

सॅमन्था मॅकग्रेगर ही अमेरिकेतील एका शाळेत शिकणारी मुलगी. वडील पोलीस दलात होते, कर्तव्यावर असताना मारले गेले. सॅमन्थाला अधूनमधून दृष्टान्त होतात. शाळेतील एक मुलगी नाहीशी होते. ती घर सोडून पळाली असावी, असा सर्वांचा समज होतो. सॅमन्थाला मात्र ती संकटात असल्याचे दिसते. आता हे पोलिसांना सांगायचे कसे? आणि दिसले ते देवाकडून आले, की आपल्याच मनाने रचले, हे ठरवायचे कोणी?

मेलडी कार्लसन या लेखिकेच्या 'बॅड कनेक्शन' या २००६ मधील कादंबरीचे हे सूत्र आहे. त्यातून पुढे 'द सीक्रेट लाइफ ऑफ सॅमन्था मॅकग्रेगर' ही मालिकाच झाली. अमेरिकेत किशोरवयीन वाचकांसाठी ख्रिस्ती रहस्यकथा हा साहित्यप्रकार गेली तीनचार दशके लिहिला जातो. आपल्याकडे तो फारसा परिचित नाही. वरवर पाहता ही नेहमीचीच रहस्यकथा: खून, अपहरण, ओसाड घर, मध्यरात्रीचा फोन. फरक एवढाच, की येथे नायिकेच्या हाती भिंगाऐवजी प्रार्थना असते आणि धागेदोऱ्यांच्या जोडीला 'कृपादान'.

कृपादान म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या कथांतील ताण कळत नाही. बायबलच्या नव्या करारात पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पवित्र आत्म्याकडून मिळणाऱ्या नऊ दानांचा उल्लेख आहे. ज्ञानाचे व विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कृत्ये, देवाचा संदेश सांगणे, आत्म्यांची पारख, अन्य भाषा बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे ही ती दाने. ती व्यक्तीच्या मोठेपणासाठी नसून मंडळीच्या हितासाठी आहेत, असा पौलाचा आग्रह आहे. रहस्यकथेच्या नायकाला हे पथ्य चांगलेच जाचक ठरते; नायक म्हटला की तो उठून दिसणारच.

वादाचा मुद्दा वेगळाच आहे. ही दाने आजही मिळतात काय? पेंटेकॉस्टल मंडळ्या होय म्हणतात. याउलट प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये 'काउंटरफिट मिरॅकल्स' हा ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले, की चमत्काराची दाने प्रेषितांच्या कार्याला साक्ष म्हणून होती आणि तो काळ सरताच ती थांबली. अमेरिकेतील प्रोटेस्टंट वाचक आजही या दोन मतांत विभागलेला आहे. ख्रिस्ती प्रकाशकाला मात्र पुस्तक दोन्ही घरांत खपवायचे असते. किशोरकथांत स्वप्ने, दृष्टान्त आणि दुष्ट शक्तींची चाहूल यांची रेलचेल, आणि अन्य भाषा बोलण्याचा प्रसंग मात्र सहसा नाही, याचे कारण बहुधा हेच असावे. स्वप्न कोणालाही चालते. सतरा वर्षांच्या योसेफाला स्वप्ने पडली आणि भावांचा रोष ओढवला, कोवळ्या शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली, या कथा रविवारच्या शाळेत सर्वच पंथांची मुले ऐकतात.

या प्रवाहाचा उगम शोधताना फ्रँक पेरेट्टी यांच्यापाशी थांबावे लागते. १९५१ मध्ये कॅनडात जन्मलेल्या या लेखकाची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही प्रौढांसाठीची कादंबरी १९८६ मध्ये आली. एका छोट्या गावावर देवदूत आणि दुरात्मे यांचे युद्ध चालले आहे आणि ते गावकऱ्यांना दिसत नाही, अशी तिची कल्पना. गावचा पाळक आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक हे नायक. (वार्ताहरांना हे वाचून बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही.) आरंभी पुस्तकाला उठाव नव्हता; गायिका एमी ग्रँट हिने त्याचा प्रसार केल्यावर ते लाखोंनी खपले. पुढे १९९४ मध्ये बिल मायर्स यांची 'फॉरबिडन डोअर्स' ही किशोरमालिका सुरू झाली. बेका आणि स्कॉट या बहीणभावाला प्रत्येक पुस्तकात एका 'निषिद्ध दाराला' तोंड द्यावे लागते. आत्म्यांशी बोलण्याची पाटी, झपाटलेले घर, टॅरोची पाने अशी ही दारे. 'लेफ्ट बिहाइंड' या जगाच्या अंतावरील गाजलेल्या मालिकेची मुलांसाठीची आवृत्ती १९९८ ते २००४ या काळात तब्बल ४० भागांत निघाली. याच वर्षांत हॅरी पॉटर अमेरिकेत पोहोचला होता. अनेक इव्हँजेलिकल घरांत जादूच्या शाळेला मज्जाव होता आणि अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या आक्षेपार्ह ठरविल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत १९९९ पासून सलग चार वर्षे पॉटर अग्रस्थानी होता. थरार हवा पण जादूटोणा नको, अशा पालकांची सोय या मालिकांनी केली.

मराठी वाचकाला येथे नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा आठवतील. उपदेशासाठी कादंबरी लिहिणे हेही आपल्याला नवे नाही. बाबा पदमनजी यांची १८५७ मधील 'यमुनापर्यटन', जिला अनेक अभ्यासक मराठीतील पहिली कादंबरी मानतात, ती ख्रिस्ती प्रचाराच्या आणि विधवांच्या दुःखाच्या पोटीच जन्मली. तेव्हा प्रचारकी म्हणून हा प्रकार मोडीत काढण्याची घाई करू नये. काय पटवून दिले जात आहे आणि ते वाचणाऱ्या चौदापंधरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय होते, हे पाहायला हवे.

कारण येथे धोका खराच आहे. अदृश्य शत्रूची पारख करण्याचे दान आपल्याला आहे, असे ज्याला वाटते त्याला शेजाऱ्यात सैतान दिसायला वेळ लागत नाही. पेरेट्टींची कादंबरी आली तेव्हा अमेरिकेत सैतानपूजेच्या अफवांना ऊत आला होता. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर मुलांच्या छळाचे भयंकर आरोप झाले. खटला वर्षानुवर्षे चालला आणि १९९० मध्ये एकही आरोप सिद्ध न होता संपला. आपण पूर्वी सैतानपूजकांचे पुरोहित होतो, असे सांगून नाव कमावणारे माइक वॉर्नकी यांची कहाणी १९९२ मध्ये 'कॉर्नरस्टोन' या मासिकाने खोटी ठरविली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे मासिक स्वतः ख्रिस्ती होते. या साऱ्याला कादंबऱ्या जबाबदार होत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या हवेत त्या वाचल्या गेल्या ती हवा अशी होती, आणि पेरेट्टींची कादंबरी अनेकांनी कल्पित कथा म्हणून न वाचता प्रार्थनेचे हस्तपुस्तक म्हणून वाचली.

दुसरा धोका अधिक खासगी आहे. आवाज ऐकू येणे, नसलेले दिसणे ही मानसिक आजाराचीही लक्षणे असू शकतात आणि स्किझोफ्रेनियासारखे आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या आरंभीच डोके वर काढतात. ज्या मुलीला असे काही जाणवते तिला पुस्तक 'तू निवडलेली आहेस' एवढेच सांगत असेल, तर ते तिला डॉक्टरपासून दूर नेते. ज्याला काहीच दिसत नाही, त्या साध्याभोळ्या श्रद्धाळू मुलाच्या मनात आपला विश्वास उणा आहे ही टोचणी लागते, तेही कमी नाही.

या कसोटीवर बरीवाईट पुस्तके वेगळी करता येतात. सॅमन्थाच्या कथा त्यात उजव्या ठरतात, कारण तिचे दृष्टान्त तुटक आणि संदिग्ध असतात. त्यांचा चुकीचा अर्थ लागू शकतो. न्यायालयात तर ते चालतच नाहीत. पोलिसांना शेवटी हाताला लागेल असा पुरावाच हवा असतो. कथेचा थरार टिकतो तोही यामुळेच. सारे स्पष्ट दिसले असते तर दुसऱ्या प्रकरणातच पुस्तक संपले असते.

याहून धीट वाट खुद्द पेरेट्टींनी किशोरांसाठी २००१ मध्ये लिहिलेल्या 'हँगमन्स कर्स'ने चोखाळली. एका शाळेत दांडगी मुले एकामागून एक भ्रमिष्ट होऊन कोसळतात. फाशी घेतलेल्या विद्यार्थ्याचे भूत सूड घेते आहे, अशी कुजबूज असते. स्प्रिंगफिल्ड दांपत्य आणि त्यांची जुळी मुले तपास करतात. (पुस्तक वाचायचे असेल त्यांनी पुढचे वाक्य सोडावे.) भूत नसतेच; निघतात ते विषारी कोळी, आणि त्यांच्यामागे असतो छळाने पिचलेल्या मुलांचा संताप. दुरात्म्यांचा कादंबरीकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने मुलांना सांगितले, की आधी शाळेच्या व्हरांड्यात काय चालले आहे ते पाहा. यामागे त्याचे स्वतःचे बालपण होते. जन्मजात गाठीमुळे पेरेट्टींच्या चेहऱ्यात व जिभेत विकृती आली होती आणि शाळेत त्यांचा अतोनात छळ झाला. कोलंबाइन शाळेतील १९९९ च्या हत्याकांडानंतर त्यांनी 'द वूंडेड स्पिरिट' या पुस्तकात ते प्रथमच सविस्तर मांडले.

कादंबऱ्यांत रंगविलेले हे प्रसंग एका मराठी गावाने प्रत्यक्ष पाहिले आहेत. १९०५ च्या जूनमध्ये पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मोठे धार्मिक संजीवन घडले. प्रार्थना करणाऱ्या मुली व तरुण स्त्रिया रडू लागल्या, अंगात अग्नी उतरल्याचे सांगू लागल्या आणि पुढे अन्य भाषांत बोलल्याच्याही नोंदी आहेत. ज्या लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटला पेंटेकॉस्टल चळवळीचे जन्मस्थान मानतात, तेथील सभा सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये. केडगावच्या सहकारी मिनी अॅब्रम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीतील मैत्रिणीकडे पोहोचली आणि तेथील पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या उगमाशी तिचे नाव जोडले गेले. मिशनरी वर्तुळातून टीका झाली, तेव्हा रमाबाईंनी मुक्तीच्या पत्रिकेतून आपल्या मुलींची बाजू घेतली. त्या मुलींपैकी अनेकजणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. काही बालविधवा होत्या. त्यांच्यावर किशोरकादंबरी झाल्याचे निदान आमच्या वाचनात नाही.

अमेरिकेत मात्र या पुस्तकांचे जुने घर मोडले आहे. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सची दुकाने २०१७ मध्ये बंद झाली, तर लाइफवेने २०१९ मध्ये आपली सुमारे १७० दुकाने आवरली. ज्या कपाटासमोर आई उभी राहून मुलीसाठी मागचे मुखपृष्ठ वाचून पाही, ते कपाट आता फारसे उरलेले नाही. पुस्तके इंटरनेटवर मिळतात आणि तेथे 'फॉरबिडन डोअर्स'च्या शेजारी व्हॅम्पायरच्या प्रेमकथाही असतात.