शर्यतीच्या गाडीला स्प्रिंग कोणती? आधी काटा, मग खरेदी

इंजिनिअरिंगला गेलेली गावाकडची पोरं आता कॉलेजात स्वतः गाडी बांधतात. २००७ पासून भरणाऱ्या 'बाहा एसएईइंडिया' स्पर्धेत अशा एकआसनी गाड्या खडबडीत मार्गावर पळतात. काही हौशी तरुण जुनी मोटार उघडून शर्यतीची गाडी करतात. इंजिनावर सगळे पैसे घालतात, स्प्रिंग मात्र भंगारातून अंदाजाने उचलतात. चूक इथंच होते.

कडक स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग, असा समज आहे. पण फार कडक स्प्रिंगवर गाडी उसळते आणि चाक जमीन सोडतं. जमीन सुटली की ब्रेक लागत नाही, वळणही घेता येत नाही. फार नरम असेल तर गाडी वळणावर कलते, खड्ड्यात बूड टेकतं.

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती १ मिलिमीटर दबायला किती किलो लागतात. तो काढायला आधी ड्रायव्हर बसवून प्रत्येक चाकाखालचं वजन काट्यावर घ्यावं. त्यातून चाक, ब्रेक असे स्प्रिंगच्या खालचे भाग वजा करावेत. समजा उरले १०० किलो.

आता गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलावी, हे ठरवायचं. रोजच्या मोटारीत हा आकडा साधारण १ ते दीड असतो. डांबरी मार्गावरच्या शर्यतीला २ पासून सुरुवात करता येते. खडबडीत मार्गाला त्याहून नरम लागते. या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं आणि २४८ ला त्याने भागायचं. २ गुणिले २ म्हणजे ४. २४८ भागिले ४ म्हणजे ६२. म्हणजे उभ्या गाडीच्या वजनाने चाकाजवळ ६२ मिलिमीटर दाब पडला पाहिजे. १०० किलोला ६२ ने भागलं की मिलिमीटरला १.६ किलो.

हा हिशेब चाकाजवळचा झाला. स्प्रिंग बहुधा आतल्या बाजूला, आर्मवर बसते. चाक १० मिलिमीटर उचललं आणि स्प्रिंग ८ च दबली, तर प्रमाण ०.८. तरफेमुळे जोर आणि हालचाल दोन्ही बदलतात, म्हणून ०.८ दोनदा धरायचं. ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४. १.६ भागिले ०.६४ म्हणजे २.५ किलो. बाजारात मागायची ती ही स्प्रिंग.

विकत घेतलेली स्प्रिंग वर्कशॉपात प्रेसखाली काटा ठेवून तपासून घ्यावी. १०० किलोला ती ४० मिलिमीटर दबली पाहिजे. घरी पोती ठेवून दाबू नये, तिरकी झाली तर उसळून लागते.

गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापायची सवय गॅरेजात आहे. १० वेटोळ्यांतली २ कापली तर स्प्रिंग सव्वा पट कडक होते. गॅसने कापली तर पोलादाचं पाणी उतरतं. आखूड स्प्रिंग चाक लोंबकळताना जागेवरून निसटू शकते.

पुढे चाचणीत वळताना नाक बाहेर पळालं, तर पुढची स्प्रिंग थोडी नरम करून पाहावी. शेपूट फिरली तर मागची. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहावा. ही चाचणी बंद मैदानातच, हेल्मेट आणि पट्टा लावून करावी. गावच्या रस्त्यावर नाही.