वजन उतरायचं थांबतं तेव्हा : आहार, व्यायाम आणि ‘आपल्यापुरता’ मध्य

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या भगिनींनी मला गाठून विचारलं, “सर, चार महिन्यांत सात किलो उतरले. आता दीड महिना झाला, काटा जागचा हलत नाही. खाणं तेच, चालणं तेच. मग चुकतंय कुठं?”

मी काही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. पण या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, आणि गृहीतकं उकरून काढणं हा आमचा धंदाच आहे. ‘तेच’ हा शब्द बघा. खाणं तेच असेल, चालणं तेच असेल. पण शरीर तेच राहिलंय का? सात किलो हलक्या झालेल्या शरीराला बसल्या जागीही कमी कॅलरी लागतात, आणि तेवढंच अंतर चालायलाही कमी लागतात. सुरुवातीला खर्चापेक्षा जमा कमी होती, म्हणून वजन उतरलं. मग खर्चही उतरत गेला आणि एके दिवशी दोन्ही बाजू सारख्या झाल्या. काटा थांबला तो तिथं. म्हणजे हे इच्छाशक्तीचं अपयश नव्हे, हिशेब जुळला एवढंच.

शिवाय शरीर काटकसरही करतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे सगळे स्वेच्छेनं आलेले होते. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्श्यानं घटलं, पण घट सुरुवातीला वेगानं झाली आणि शेवटी शेवटी रेषा सपाट होत गेली. विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला होता. शरीर लहान झालं म्हणून जेवढा कमी व्हायला हवा, त्याहूनही कमी.

आता दुसरी बाजू. ‘तेच खाते’ हे आपण खरंच मोजलेलं असतं का? १९९२ साली अमेरिकेत, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या काही जणांचं सेवन शास्त्रीय पद्धतीनं तपासलं. ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होते, आणि हालचाल मात्र प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त सांगत होते. ते खोटं बोलत होते असं नाही. स्मृती आपल्या बाजूनं साक्ष देते, बरं का!

घरच्या घरी एक हिशेब करून बघा. समजा, दोन माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपतं. म्हणजे माणशी रोज पन्नास मिलिलिटर. हे झाले ४०० हून अधिक कॅलरी, नुसत्या फोडणी-तळणीतून! आणि ७५ किलोच्या माणसानं पाच किलोमीटर चालून जास्तीचा खर्च किती होतो? साधारण २०० कॅलरी. तो मूठभर शेंगदाण्यांत परत येतो. म्हणून वजन उतरवायला ताट जास्त उपयोगी. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी आणि उतरलेलं वजन टिकवण्यासाठी.

मग ताट आणखी कापायचं का? मी कापलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी काटा अडला, तेव्हा मी रात्रीचं जेवण बंद केलं आणि चालणं पाचाचं नऊ किलोमीटर केलं. आणखी दोन किलो उतरले, मी खूश! मग एकदा कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला जमिनीवर बसलो, आणि उठताच येईना. सौभाग्यवतींनी हात दिला तेव्हा उभा राहिलो. त्या दोन किलोंत चरबी किती आणि मांड्यांचे स्नायू किती, हे काटा सांगत नव्हता. आमच्या वयात गेलेला स्नायू सहज परत येत नाही. पडलो तर बिछान्याला खिळायची भीती.

इथं मला ॲरिस्टॉटल आठवतो. ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात मध्यममार्ग समजावताना त्यानं उदाहरण घेतलंय ते जेवणाचंच. दहा मापं अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून तालीम देणारा सरसकट सहा मापं वाढत नाही. मायलो पैलवानाला ती कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. मध्य वस्तूचा नव्हे, आपल्यापुरता शोधायचा. मी त्यात एवढीच भर घालीन, की तो आपल्यापुरताही कायमचा नसतो. वजन बदललं, वय बदललं की पुन्हा शोधायचा.

म्हणजे करायचं काय? आधी खरंच थांबलंय का ते बघा. मीठ, पाणी, बद्धकोष्ठता यांनी काटा किलो-दीड किलो सहज हलतो. आठवड्याची सरासरी काढा, कमरेला टेप लावा, तीन-चार आठवडे थांबा. मग आठवडाभर तोंडात गेलेलं सगळं लिहा, तेलासकट. रोजचे दीड-दोनशे कॅलरीच कमी करा, जास्त नको. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं यांतलं काहीतरी असू द्या. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम करा. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणं, इथून सुरुवात करा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच.

आणि कधी कधी काटा थांबला तर थांबू द्यावा. उतरलेले सात किलो टिकवणं, हीसुद्धा कमाईच आहे. त्या भगिनींना मी एवढंच विचारलं, “जमिनीवरून हात न टेकता उठता का?” त्या म्हणाल्या, “हो.” मी म्हटलं, “मग पुष्कळ बरोबर चाललंय.”